ऑस्टिन सेव्हन, १९२९: पुढचा ब्रेक हाताला, मागचा पायाला

ही गाडी घेतल्याला आता चार वर्षं झाली. त्यातला निम्म्याहून जास्त वेळ मी तिच्या ब्रेकखाली आणि पुढच्या अ‍ॅक्सलखाली आडवी पडून काढला, तेव्हा हा रिव्ह्यू त्या दोन गोष्टींचाच आहे. इंजिन गोड आहे, ७४७ सीसीचं, कुरकुर करत नाही. हूड पावसात गळतं. बाकीबद्दल एवढं पुरे.

मी मूळची कोल्हापूरची. आप्पांचं उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप होतं, ऑइल इंजिनचे पार्ट करायचे. मी गेली पंधरा वर्षं बर्मिंगहॅमच्या दक्षिणेला राहते आणि मालवाहू ट्रकच्या ब्रेकची चाचणी हा माझा रोजचा धंदा आहे. माझ्या घरापासून लाँगब्रिज जवळ आहे. तिथला ऑस्टिनचा कारखाना २००५ साली बंद झाला. जिथे सेव्हन जुळवल्या जायच्या तिथे आता दुकानं आणि घरं आहेत. कंपनीचा संस्थापक हर्बर्ट ऑस्टिन याची कबर लिकीच्या चर्चमध्ये आहे, आणि त्याच भागातल्या लिकी ग्रेंज या त्याच्या बंगल्यात, बिलियर्डच्या खोलीत, अठरा वर्षांच्या स्टॅन्ली एज या ड्राफ्ट्समनला बसवून त्याने ही गाडी कागदावर उतरवली. १९२२ साली ती लोकांपुढे आली. किंमत १६५ पौंड. मोटरसायकलला साइडकार लावून बायकापोरांना नेणारा माणूस डोळ्यांसमोर ठेवून केलेली गाडी, वजन ३६० किलोच्या आसपास, आणि तरीही पहिल्या दिवसापासून चारही चाकांना ब्रेक.

हे किती मोठं होतं ते आज चटकन लक्षात येत नाही. त्या साली कित्येक भल्या मोठ्या महागड्या गाड्यासुद्धा फक्त मागच्या दोन चाकांच्या जोरावर थांबत होत्या. पुढच्याच वर्षी ल मॉन्सची पहिली २४ तासांची शर्यत झाली, तिच्यात धावलेल्या तीन लिटरच्या बेंटलीला पुढचे ब्रेक नव्हते.

पण सेव्हनचे चार ब्रेक आजच्यासारखे नाहीत. माझ्या गाडीत पेडल दाबलं की मागची दोन चाकं धरतात. पुढच्या दोन चाकांचे ब्रेक हाताच्या लिव्हरवर. दोन्हीकडे केबल, दोन्हीकडे छोटे ड्रम (चाकाबरोबर फिरणारा गोल डबा; त्याला आतून शू घासतो आणि चाक थांबतं), आणि एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. १९३० पासून कंपनीने चारही ब्रेक पेडलला जोडले. माझी गाडी त्याच्या आधीची. आप्पा पहिल्यांदा इकडे आले तेव्हा गाडीखाली सतरंजी टाकून शिरले आणि दहा मिनिटांनी बाहेर येऊन म्हणाले, "पोरी, हिला ब्रेक दोन हायत, पर एकमेकांची वळख न्हाई."

घेणाऱ्याने आधी हे समजून घ्यावं. हँडब्रेक इथे गाडी उभी केल्यावर ओढायची वस्तू नाही. थांबायचं असेल तर उजवा पाय आणि हात एकदम चालले पाहिजेत. मला सवय व्हायला तीन आठवडे लागले, आणि अजूनही ऑफिसची गाडी आठवडाभर चालवून सेव्हनमध्ये बसले की पहिल्या चौकात हात अर्धा सेकंद उशिरा जातो. त्या अर्ध्या सेकंदात ताशी ४८ किलोमीटरला गाडी पावणेसात मीटर पुढे गेलेली असते.

आता चाचणी. वॉरिकशरमध्ये एका शेतकऱ्याच्या जमिनीत युद्धकाळातल्या धावपट्टीचा तुकडा शिल्लक आहे, त्याच्या परवानगीने मी दोन रविवार तिथे काढले. मित्राकडून टॅपली मीटर उसना आणला. हे इथल्या जुन्या गॅरेजांमधलं सर्वांच्या ओळखीचं यंत्र: एक जड डबा, आत लंबक, वर टक्क्यांची पट्टी. गाडीच्या फळीवर ठेवायचा, ब्रेक मारायचा, लंबक जितका पुढे झुकेल तितके टक्के. शंभर म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतका मंदावण्याचा वेग. माझ्या ऑफिसात याच कामासाठी लॅपटॉपला जोडलेली सेन्सरची पेटी असते, पण या गाडीला तिच्याच काळातलं मोजमाप लावावं असं मनापासून वाटलं.

कोरड्या डांबरावर, ताशी ३० मैलांवरून, दोन माणसं बसलेली, प्रत्येक प्रकारचे पाच फेरे. नुसता पाय: २२ टक्के. नुसता हात: सुरुवातीला १९, सगळी कामं झाल्यावर २७. दोन्ही मिळून शेवटी ४४. बेरीज पूर्ण ४९ होत नाही, कारण लिव्हरवर जोर काढताना पायाचा जोर थोडा कमी पडतो. माझा तरी पडतो. अंतराच्या भाषेत बोलायचं तर २२ टक्क्यांना ही गाडी जवळपास ४२ मीटरमध्ये थांबते आणि ४४ ला २१ मीटरमध्ये. मधले एकवीस मीटर म्हणजे झेब्रा क्रॉसिंगच्या अलीकडे की पलीकडे.

ही गाडी घेण्याचं माझं खरं कारण इथे येतं. पुढचा आणि मागचा ब्रेक वेगवेगळा मारून, काहीही खोलल्याशिवाय, प्रत्येकाचं काम स्वतःच्या हातापायाने तपासता येईल अशी दुसरी स्वस्त गाडी मला माहीत नाही. कॉलेजात वजन पुढे जाण्याचं गणित मी फळ्यावर केलं होतं. या गाडीत ते कमरेला कळतं. माझा हिशेब असा: दोन माणसांसकट साधारण ५०० किलो, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) १.९ मीटर, गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर धरला, तर ४० टक्क्यांच्या ब्रेकला पन्नासेक किलो मागच्या चाकांवरून उठून पुढच्या चाकांवर जातात. मागचं चाक हलकं झालं, म्हणजे त्याची पकड गेली. ब्रेक जितका जोरात, तितका मागचा ब्रेक निकामी. फक्त मागे ब्रेक असलेल्या गाडीचं दुखणं हेच होतं; ड्रम कितीही मोठा करा, उपयोग नाही.

दुसऱ्या रविवारी पाऊस होता आणि मला तोच हवा होता. ओल्या पट्टीवर नुसतं पेडल दाबलं: मागची चाकं लॉक झाली आणि शेपूट डावीकडून बाहेर आली, गाडी जवळपास आडवी होऊन थांबली. मग नुसता हात: पुढची चाकं लॉक झाली, गाडी सरळ रेषेत घसरत राहिली, स्टेअरिंग फिरवलं तरी नाक हललं नाही. लिव्हर सैल केला त्या क्षणी स्टेअरिंग परत आलं. हे पाच-पाच वेळा केलं. मोकळी जागा नसेल तर कुणी करू नये, पण करून पाहिल्यावर १९२० च्या आसपासच्या लोकांची भीती मला नीट कळली. पुढच्या चाकाला ब्रेक लावला तर गाडी उलटेल, स्टेअरिंग हातातून जाईल, असं तेव्हा भले भले इंजिनियर म्हणत. स्टेअरिंग जातं हे खरंच आहे. पण ते परत मिळवायला ब्रेक सोडणं पुरतं; बाहेर गेलेली शेपूट मात्र ब्रेक सोडूनही लगेच आत येत नाही. चार ब्रेकवाल्या गाड्या मागून येणाऱ्या गाड्यांपेक्षा इतक्या लवकर थांबत की तेव्हा त्यांच्या मागे लाल त्रिकोण लावून 'चारही चाकांना ब्रेक आहेत' असा इशारा लिहीत. तसा एक जुना पत्रा मला जत्रेत मिळाला, तो मी गाडीला लावलेला नाही. ४४ टक्क्यांवर तो मिरवायचा हक्क तिचा नाही. आजची साधी गाडी ८० च्या पुढे जाते.

पण कल्पना तर फार आधीपासून होती. हॉलंडच्या स्पायकरने १९०३ मध्येच सहा सिलिंडरची, चारही चाकांना गती आणि ब्रेक देणारी गाडी केली; हेगच्या लाउमन संग्रहालयात ती मी पाहिली आहे. १९१० च्या सुमारास इटलीत इसोटा फ्रास्किनी आणि स्कॉटलंडमध्ये अ‍ॅरल-जॉन्स्टन, पाठोपाठ आर्गाइल, यांनी चार ब्रेक विकायला काढले. १९१४ च्या जुलैत लिओंच्या ग्रां प्रीमध्ये प्यूजो, डेलाज, फियाट यांच्या गाड्यांना पुढचे ब्रेक होते. तरी जिंकल्या मर्सिडीज, पहिल्या तिन्ही, आणि त्यांना ब्रेक फक्त मागे! तेव्हा पाहणाऱ्यांनी काय निष्कर्ष काढला असेल याची मला कल्पना करवते. मग ही गोष्ट सर्रास व्हायला आणखी दहा वर्षं का लागली?

माझं उत्तर आहे अ‍ॅक्सल. या गाडीखाली झोपून झोपून ते माझं ठाम मत झालं आहे. ड्रम आणि शू काय, मागच्या चाकाचेच पुढे आणून बसवता येतात. पण पुढचा अ‍ॅक्सल तोवर फक्त वजन पेलायला घडवलेला असायचा. घडीव लोखंडाची इंग्रजी एच आकाराची तुळई, वरून येणाऱ्या भाराला उत्तम, पिळाला कच्ची. ब्रेक लागला की ड्रम चाकाबरोबर फिरता फिरता शूला, शू बॅकप्लेटला (शू ज्या पत्र्यावर बसवलेले असतात तो), आणि बॅकप्लेट अख्ख्या अ‍ॅक्सलला आपल्यासोबत फिरवू पाहते. ओला टॉवेल पिळावा तसा अ‍ॅक्सल पिळला जातो. म्हणून पुढे कित्येक कंपन्यांनी पाट्याच्या (पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग) बैठकीपासून किंगपिनपर्यंतचा (ज्या उभ्या खिळीवर चाक वळतं ती) भाग गोल आकाराचा केला, कारण गोल दांडा पिळाला पुरा पडतो. तोच पीळ लांब पाट्यांवर गेला तर पाटा नागमोडी होतो, आणि पाट्यावर बसलेला अ‍ॅक्सल कलला की किंगपिनचा कोन बदलतो. गाडी मग एका बाजूला ओढते, नाहीतर चाकं थरथरायला लागतात.

दुसरी अडचण: पुढचं चाक वळतं. वळणाऱ्या चाकाच्या ब्रेकला न वळणाऱ्या चासीवरून ओढ द्यायची, आणि स्टेअरिंग फिरवल्यावर ती ओढ कमीजास्त व्हायला नको. ओढ किंगपिनच्या रेषेतून गेली तरच हे जमतं. कुणी किंगपिन पोकळ करून त्यातून दांडी घातली. आर्गाइलशी जोडलेल्या आंरी पेरो या फ्रेंच इंजिनियरने चासीवरून चाकाकडे जाणारी, सांध्यावर वाकणारी आणि लांबीला सरकणारी आडवी दांडी काढली. पुढे वीसच्या दशकात पेरोची पद्धत अटलांटिकच्या दोन्ही बाजूंना गेली. १९१९ च्या इस्पानो-सुइझात मार्क बिर्किग्टने त्याच्याही पुढे जाऊन गिअरबॉक्सकडून फिरणारा सर्वो बसवला, म्हणजे गाडीचा वेगच ब्रेक दाबायला मदत करतो. रोल्स-रॉइसने त्याच्यावरून आपला सर्वो घेतला. ही श्रीमंतांची उत्तरं. ऑस्टिनने १६५ पौंडात जे बसेल ते उत्तर दिलं: पातळ केबल.

आणि अ‍ॅक्सलसाठी त्याचं उत्तर मला आजही देखणं वाटतं. सेव्हनला पुढे लांब पाटे नाहीतच. एकच पाटा, आडवा, अ‍ॅक्सलच्या डोक्यावर. आडवा पाटा पीळ अजिबात घेऊ शकत नाही, तेव्हा तो पीळ झेलायला अ‍ॅक्सलच्या दोन टोकांकडून दोन दांड्या मागे येतात आणि चासीखाली एका गोळ्यात जुळतात. इंग्रजी व्हीसारखा आकार. फोर्डच्या मॉडेल टीलाही हाच आडवा पाटा आणि अशाच दांड्या होत्या, पण तिच्या पुढच्या चाकांना ब्रेकच नव्हते. सेव्हनमध्ये ब्रेक मारला की अ‍ॅक्सल फिरू पाहतो, दांड्यांची मागची टोकं वर उचलली जातात, आणि तो गोळा चासीला खालून वर ढकलतो. सगळा पीळ त्या एका गोळ्यावर आणि त्याच्या वाटीवर.

हे नुसतं सांगण्यापुरतं नाही, मोजलं आहे. अ‍ॅक्सलला एक लोखंडी सुई बांधली, चासीवर कागदी पट्टी चिकटवली आणि मडगार्डला फोन बांधून शूटिंग केलं. पहिल्या फेरीत हँडब्रेक ओढल्यावर सुई सहा मिलिमीटर सरकली. केबलची सगळी हालचालच जेमतेम तेवढी! म्हणजे मी जेवढा लिव्हर ओढत होते त्यातला बराचसा भाग अ‍ॅक्सल फिरून खाऊन टाकत होता, आणि मी वर्षभर शू आणि लायनर (शूवरचा घासणारा थर) यांना दोष देत होते. गोळ्याची वाटी झिजली होती. पंच्याण्णव वर्षांत झिजणारच. वाटी घट्ट केली, दांड्यांचे बोल्ट नवे घातले, किंगपिनचे बुश बदलले. सुई आता दोन मिलिमीटरच्या आत थांबते. १९ चे २७ झाले त्यातले निम्मे टक्के इथून आले असं मी खात्रीने म्हणते.

उरलेले लायनर आणि ड्रममधून आले. एका ठिकाणाहून शूला लायनर लावून आणले ते फार कडक निघाले, हायड्रॉलिक गाडीच्या दाबाला शोभणारे. केबलच्या ब्रेकला तेवढा दाब कुठून येणार? दगडावर दगड घासल्यासारखे ते सरकायचे. आठशे मैलांनंतर काढून फेकले आणि दुसऱ्याकडून विणलेले मऊ लायनर रिव्हेट मारून घेतले. फरक पहिल्याच फेरीत कळला. ड्रम दोन्ही अंडाकृती झाले होते. क्लबच्या लेथवर ते आप्पांनीच टर्निंग करून दिले, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, चष्मा कपाळावर सरकवून, नखाने पृष्ठभाग चाचपत. लायनर पाहून त्यांना गावाकडच्या बैलगाडीचा उतारावरचा लाकडी ठोकळा आठवला, त्याला जुन्या टायरचा तुकडा ठोकायचे तो. मी त्यांना हर्बर्ट फ्रूडची हकीकत सांगितली: डर्बीशरच्या डोंगरात घोडागाडीवाले उतारावर ब्रेकच्या ठोकळ्याला जुने बूट ठोकतात हे पाहून त्याने ब्रेकचं लायनर करायला घेतलं, १८९७ साली, आणि त्याच्याच आडनावाची अक्षरं फिरवून, त्यात एक इंग्रजी ई घालून, फेरोडो हे नाव झालं. आप्पा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हंजी समद्या मुलखात उतार एकच."

एक गोष्ट जीव तोडून सांगते. जुन्या गाडीचे मूळ लायनर असतील तर त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं. ड्रम काढून हवेच्या नळीने धूळ उडवू नका, तोंडाने फुंकू तर अजिबात नका. ओल्या फडक्याने पुसा, मास्क लावा, फडकं पिशवीत बांधून योग्य जागी द्या. उद्यमनगरात लहानपणी मी ही धूळ उडताना रोज पाहिली आहे, म्हणून सांगते.

मित्राची १९३३ ची सेव्हन त्याच पट्टीवर चालवली. चारही ब्रेक पेडलला जोडलेले. नुसत्या पायाने ४१ टक्के, हात स्टेअरिंगवर मोकळे, आणि ओल्यात पुढची चाकं किंचित आधी लॉक होतात, जे हवंच. रोज वापरायची असेल तर निःसंशय हीच घ्या. तिच्यात एकच उणीव मला जाणवली: पुढचा ब्रेक मंदावला तर मागचा त्याला झाकून घेतो, आणि चालवणाऱ्याला ते कळायला उशीर होतो. माझ्या गाडीत डावा ड्रम ओला झाला तरी लिव्हरमधून हाताला कळतं.

लोक या गाड्यांना मॉरिस मायनरचे हायड्रॉलिक ब्रेक बसवतात. शर्यतीसाठी बसवणाऱ्यांचं मी समजू शकते. काहींनी तर अ‍ॅक्सलच मधोमध कापून दोन्ही तुकडे बिजागरीवर टांगले. लेस्ली बॅलमीने तीसच्या दशकात ही युक्ती काढली आणि लोटसच्या कॉलिन चॅपमननेही पुढे आपल्या सेव्हनवरच्या गाडीत तीच वापरली. पण रस्त्यावरच्या चमीला (सेव्हनच्या उघड्या छोट्या गाडीचं लाडकं नाव) मोठा ब्रेक बसवायच्या आधी तो गोळा आणि ती वाटी पाहा. ब्रेकचा जोर दुप्पट केला की पीळही दुप्पट होतो, आणि दांड्या तर त्याच राहतात.

घ्यायला जाल तेव्हा विक्रेत्याला कुणालातरी आत बसवून हँडब्रेक ओढायला सांगा आणि तुम्ही पुढे उकिडवे बसून अ‍ॅक्सलकडे पाहा, चाकाकडे पाहू नका. अ‍ॅक्सल डोळ्याला दिसेल इतका फिरला तर तेवढ्या कामाचे पैसे किंमतीतून कमी करून घ्या. मग पुढचं चाक उचलून वर-खाली धरून हलवा: प्ले, म्हणजे ढिलेपणा, असेल तर किंगपिन झिजलेली. लिव्हर पूर्ण ओढल्यावर तो शेवटच्या दातापर्यंत येत असेल तर केबल ताणून पाहण्याआधी वाटी पाहा. मी ९,८०० पौंड दिले, यातलं काहीही न पाहता.